कुणी ठरवलं, इरफानभाई?

इरफानभाई,

मागच्या आठवड्यात ऑफिसात तुमची शोकसभा झाली. फोटो ठेवायचा का, ठेवला तर हार घालायचा का, यावर आधी बराच वेळ कुजबुज चालली. एक म्हणे त्यांच्यात चालत नाही, दुसरा म्हणे ऑफिसात सगळं चालतं. शेवटी असं ठरलं की फोटो ठेवायचा, हार नको, समोर नुसती फुलं. कुणी ठरवलं ते विचारू नका. ठरलं. मग एकेकाने उठून तुम्हाला हसतमुख केलं, मनमिळाऊ केलं. "त्यांनी कधी कुणाचं मन दुखवलं नाही," असंही एकजण डोळे पुसत म्हणाला. त्यालाच तुम्ही सगळ्यांसमोर कसं सोलून काढलं होतं ते मी पाहिलेलं आहे. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नुसती मान हलवली आणि बसून राहिले.

बोलले असते तर भांडलेच असते. तुम्ही हसतमुख नव्हतात. तुम्ही खवट होतात, हट्टी होतात, समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडायचात, चहा गार आला म्हणून टपरीवाल्याशीही वाद घालायचात. माझं जितकं तुमच्याशी वाजलं तितकं सख्ख्या भावाशी वाजलं नाही. आणि ते भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही गेलात. सकाळी छातीत जळजळतंय म्हणून भाभींकडून पित्ताची गोळी मागून घेतलीत, आणि दुपारी संभाजीनगरच्या रस्त्यावर ॲम्ब्युलन्समध्येच सगळं आटोपलं. मला रडू येतं, भाई. पण रडण्याच्या आधी राग येतो. तो कशाचा ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आपलं ऑफिस म्हणजे बीडच्या बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानावरचा एक मजला. तिथे तुम्ही प्रॉडक्ट ओनर, मी प्रोजेक्ट मॅनेजर. ॲपमध्ये काय बनवायचं आणि काय नाही ते तुम्ही सांगायचं; ते कुणी आणि कधीपर्यंत पुरं करायचं ते मी बघायचं. तुम्ही ओनर झालात तेव्हा तुमच्या अम्मींनी अख्ख्या मोहल्ल्यात सांगितलं होतं की इरफान कंपनीचा मालिक झाला. मग आठवडाभर तुमच्या दारात लोक, आमच्या पोराला नोकरीला लावा म्हणून. तुम्ही प्रत्येकाला चहा पाजून समजावत बसलात, की बाबा, हा ओनर म्हणजे मालक नाही, हा फक्त बोलणी खाण्याचा मालक. आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

मी हसत होते, पण मला तुमची खुर्ची हवी होती. हे तुम्हाला माहीत होतं. तारखांचे तक्ते भरून भरून माझा जीव विटला होता. काम वेळेत झालं की माझी पाठ थोपटली जायची. पण ते काम कुणाच्या उपयोगाचं आहे का, हे विचारणं माझ्या वाट्याला यायचं नाही. रविवारचे ऑनलाइन वर्ग करून मी प्रॉडक्ट ओनरची परीक्षा दिली, पास झाले, तेव्हा पेढे तुम्हीच आणलेत. खुर्च्या वाटणं साहेबांच्या हातात, म्हणून मी म्हटलं, "भाई, महेश सरांकडे माझ्यासाठी शब्द टाका. दुसरं प्रॉडक्ट सुरू झालं की मला घ्या." तुम्ही पेढा तोंडात टाकून म्हणालात, "बघू की." आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ काय असतो हे काय मला कळत नाही? पण तुम्ही तोंडावर बोलणारा माणूस, म्हणून मी त्या ‘बघू’वर विश्वास ठेवला.

आपलं भांडण एका शब्दाचं होतं. माझ्या प्रत्येक मेलमध्ये ‘असं ठरलं’ हे असायचंच. यादीत हे आधी घ्यायचं ठरलं, ते पुढे ढकलायचं ठरलं. तुम्ही भर मीटिंगमध्ये माझा मेल मोठ्याने वाचायचात आणि त्या शब्दाशी येऊन थांबायचात.

"ठरलं म्हंजे? आभाळातून पडलं का? कुणी ठरिवलं ते सांग बे." मग लगेच जीभ चावायचात. "तोबा तोबा. बे न्हाई, बाई."

"मीटिंगमध्ये ठरलं, भाई. सगळे होते."

"सगळे होते म्हंजे कुणीच नव्हतं."

पोरं फिदीफिदी हसायची. मीही हसायचे, कारण हसल्याशिवाय तुम्ही पुढे सरकू देत नव्हतात. पण एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही, ती आता सांगते. पाटोद्याच्या आमच्या वस्तीतल्या पोरीने ‘मी ठरवलं’ असं म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, तू कोण? आडनाव विचारलं जातं, बाप काय करतो विचारलं जातं, आणि मग ठरवलेली गोष्ट बाजूलाच राहते. ‘ठरलं’ म्हटलं की कुणी काही विचारत नाही. काम होऊन जातं. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून मी हेच करत आले आणि माझी कितीतरी कामं अशी झाली. तुम्हाला तो पळपुटेपणा वाटायचा. बापाच्या फळगाड्यावर वाढलेला माणूस तुम्ही, नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो हे तुम्हाला मी सांगायला नको होतं. तरी तुम्ही दरवेळी मलाच खिंडीत गाठायचात. मला वाटायचं, इतर कुणाला नाही तरी तुम्हाला हे आपोआप कळायला हवं.

आता सीताफळाच्या ॲपचं. त्याच्यापायी तर सगळं झालं.

डोंगरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांची कंपनी, तिच्या गाड्या माल घेऊन मोठ्या बाजाराला जातात. सीताफळाचे डोळे उघडले की तोडावं लागतं, आणि तोडलं की दोन-तीन दिवसांत ते बाजारात पोचलं पाहिजे, नाहीतर हाताला नुसता लगदा लागतो. गाडीत जागा मोजकी. म्हणून आपल्या ॲपवर शेतकरी आपल्या कॅरेटची जागा आधी धरून ठेवतो. मागच्या हंगामात जागा धरलेले बरेचजण आलेच नाहीत आणि गाड्या अर्ध्या रिकाम्या गेल्या. तेव्हा कंपनीने सांगितलं, यंदा नवीन सोय करा: गाडीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत ‘येतो’ असं ॲपवर कळवलं नाही तर जागा आपोआप रद्द आणि पुढच्या माणसाला. मी हंगामाच्या आधीची तारीख देऊन मोकळी झाले. तुम्ही नाही म्हणालात.

"डोंगरात रेंज हाय का?" तुम्ही विचारलंत. "बाई दिवसभर झाडाखाली. फोन पोराच्या खिशात अन् पोरगं पाटोद्याला. कळवायचं कुणी? तिची जागा जानार, माल सडनार. न्हाई. हे आपन करायचं न्हाई."

"आणि गाडी परत अर्धी रिकामी गेली तर?"

"जाऊ दे रिकामी."

"भाई, तारीख दिलीय मी."

"तू दिली ना? मंग तूच मोड."

मी फाइल आपटली. खरंच आपटली, खाली हार्डवेअरवाल्याने वर बघितलं असेल. तुम्हीही खुर्ची सरकवून उठलात. जिन्यात उतरता उतरता मागे वळून म्हणालात, "उद्या बोलू. उद्या तुला नीट सांगतो कावून न्हाई ते." तो उद्या कसा उजाडला ते वर लिहिलंच आहे.

तुम्हाला घेऊन पुरुष कब्रस्तानात गेले, आणि मी तुमच्या घरी बायकांत बसले. भाभींनी मला शेजारी ओढून घेतलं. त्या नुसत्या माझा हात धरून होत्या. अम्मी कोपऱ्यात तसबीहची माळ फिरवत बसल्या होत्या. कुणीतरी माझं नाव सांगितलं तशी त्यांनी मान वर केली.

"तूच क्या वो सुजाता?"

मी हो म्हटलं. मला भीती वाटली. आदल्या दिवशी मी त्यांच्या मुलाशी भांडले होते हे त्यांना माहीत असेल, असं वाटलं.

"रोज तेराच नाम," अम्मी म्हणाल्या. "आज सुजाता ये बोली, आज सुजाता वो बोली. तुझसे लडके आया तो भूक लगती थी उसकू. जिस दिन नै लडा उस दिन खाना बी बराबर नै खाता था."

मी तिथे हमसून हमसून रडले. बायकांना वाटलं मी फार जवळची आहे, त्यांनी मला पाणी दिलं. मी जवळची होते का, भाई? तुम्ही घरी जाऊन माझ्याबद्दल बोलायचात हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. भांडून तुमची भूक वाढायची आणि माझी मरायची, एवढाच काय तो फरक. त्या दिवशी माझा राग जवळजवळ गेला होता. पुढच्या आठवड्यात महेश सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं नसतं तर तो गेलाही असता.

"हे बघ सुजाता," सर म्हणाले, "हंगाम तोंडावर हाय. इरफानचं काम सध्या तू बघ."

"सध्या म्हणजे, सर?"

सर टेबलावरची किल्ली इकडून तिकडे करायला लागले. तुम्हाला माहीत आहे, त्यांना अवघड बोलायचं असलं की काहीतरी हातात लागतं. "आता खरं सांगू का? मी त्याला मागं विचारलंतं. सुजाताला प्रॉडक्ट ओनर करावं का म्हणून. तो म्हणला, तिला देऊ नका."

"कावून?" माझ्या तोंडून ‘का’च्या जागी तुमचाच शब्द बाहेर पडला. ऑफिसात मी असं बोलत नाही.

"म्हणला, तिला कुणी ठरिवलं विचारलं तर ती मेल दाखविते."

सर पुढेही बोलत होते. सध्या दुसरं कुणी नाही, यंदाचा हंगाम नीट पार पडला तर खुर्ची माझी, नाही पडला तर पुण्याचा एक माणूस बघून ठेवलाय, तो तिथूनच काम बघेल. पुढच्या शुक्रवारी शेतकरी कंपनीचे संचालक येणार, तोवर रद्द करायच्या सोयीचं काय ते पक्कं करायचं. मी सगळं ऐकलं. डोक्यात मात्र तुमचं ते एक वाक्य. खाली उतरले, बाजारातून नुसती चालत राहिले. पेढा खाता खाता तोंडावर सांगायचं होतं ना, सुजाता, तुला नाही जमणार. मी भांडले असते. तीन दिवस बोलले नसते. चौथ्या दिवशी परत आले असते आणि विचारलं असतं, मग जमायला काय करू. तुम्ही मला तेवढीही संधी दिली नाहीत. सगळ्या जगाला तोंडावर सुनावणारा माणूस, आणि माझ्या बाबतीत तेवढा केबिनमध्ये जाऊन बोलला.

मग मनात यायचं, महेश सरांनी अर्धंच सांगितलं असेल. मग यायचं, नाही, हे वाक्य इरफानभाईंचंच आहे, दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. मग यायचं, बरोबरच तर बोलले. आणि ते मनात आलं की राग दुप्पट व्हायचा.

रविवारी मी पाटोद्याला घरी गेले. मांजरसुंब्याचा घाट ओलांडल्यापासून फोनच्या रेंजकडे बघत होते, कुठे येते, कुठे जाते. दुसऱ्या दिवशी दादाची मोटरसायकल घेऊन वर डोंगरात गेले. कंपनीच्या यादीतलं एक नाव मला माहीत होतं, कौसाबाई. तिने मागच्या हंगामात तक्रार केली होती आणि ती तक्रार कुणी वाचली नव्हती. वस्तीवर पोचले तेव्हा ती बांधावरच्या झाडाच्या फांद्या वाकवून फळं बघत होती. फोन काढून पाहिला. रेंज नव्हती. तुमचं बरोबर निघालं म्हणून मला उगाच वाईट वाटलं.

मी तिला विचारलं, संध्याकाळपर्यंत कळवायचं म्हटलं तर तुम्ही कसं कळवणार?

"सांगावा धाडीन की," ती म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता. "दूधवाला जातो खाली. न्हाई तर वस्तीवरचं कुणी बी जातंय बाजाराला. एकजण गेलं का समद्यांचं सांगून येतं."

"आणि त्याने सांगितलंच नाही तर?"

"कावून न सांगंल? उद्या त्याचा बी माल हाय न्हवं." मग तिने मागच्या हंगामाचं काढलं, आणि तिचा आवाज चढला. "मपला माल तयार होता बाई. गाडीत जागा न्हाई म्हणले. मी कॅरेट घिऊन सडकंला बसलेली, अन् गाडी आली तर अर्धी मोकळी! ज्यानं जागा धरलती त्यो आलाच न्हाई. मी म्हणलं मपलं चढवा. तर म्हणले, न्हाई, जागा त्याच्या नावावर हाय. सडकंलाच माल नासला. शेळ्यांनी खाल्ला."

मी खाली बसले, भाई. मला तुमच्याशी त्याच क्षणी बोलायचं होतं. तुमच्या डोळ्यासमोर जागा गमावणारी बाई होती. ती खरीच आहे. पण जिला जागा मिळालीच नाही ती बाई तुम्हाला दिसली नव्हती, आणि ‘जाऊ दे रिकामी’ असं तुम्ही ज्या गाडीला म्हणालात तशाच गाडीसाठी ती सडकेला बसली होती. तुम्ही नाही म्हणालात ते तिच्यासारखीच्या मायेपोटीच म्हणालात, याबद्दल मला शंका नाही. तरी तुमचं चुकत होतं. आणि माझंही चुकत होतं, कारण मला त्या दोघींपैकी कुणीच दिसत नव्हतं, मला तारीख दिसत होती.

मी कौसाबाईला म्हटलं, असं केलं तर? जागा रद्द होईल, पण ‘येतो’ हे तुमच्या वतीने वस्तीवरचं दुसरं कुणीही कळवू शकेल. कुणाच्याही फोनवरून. सांगाव्यासारखं. रद्द मात्र दुसऱ्याला करता येणार नाही.

"मंग चांगलंच की," ती म्हणाली, आणि लगेच पुढे, "मपलं नाव पयलं घाल पर." मी हसले. मग म्हटलं, पलीकडच्या वस्तीवरच्या बायकांचं पण सांगाल ना खाली? ती फांदी सोडून माझ्याकडे बघायला लागली. "त्यांचं कावून सांगू मी? पान्यावरून बोलणं बंद हाय आमचं."

झालं. सुटला म्हणते तोवर गुंता पुन्हा बसला. म्हणजे पलीकडे एखादी एकटी असेल, जिचा सांगावा कुणी नेणार नाही, तिची जागा जाईल. मला नाव माहीत नाही, पण ती असणार. परतताना मोटरसायकलवर मी तेवढाच विचार करत होते. तुम्ही म्हणालात तसं सगळं थांबवलं तर कौसाबाई परत सडकेला बसते. मी म्हणते तसं केलं तर पलीकडची कुणीतरी बसते. कमी बायका बसतील, पण बसतील. असा रस्ता शोधत होते ज्यात कुणीच बसणार नाही, आणि तो मला सापडला नाही. लिंबागणेशच्या फाट्याला चहा प्यायला थांबले तेव्हा पहिल्यांदा कळलं, तुम्ही एवढे खवट का झाला होतात. तक्त्यात मला कधी असं कुणाचं तरी नुकसान निवडावं लागलं नव्हतं. तुम्ही ते रोज करत होतात आणि वर माझे मेल वाचून हसायचात.

तो सगळा आठवडा मी पोरांना घेऊन तेवढंच काम केलं. पलीकडच्या वस्तीसाठी गाडीच्या ड्रायव्हरलाही ‘येतो’ नोंदवता येईल असं घातलं. त्याने गुंता थोडा सैल झाला, सुटला नाही. एक पोरगं म्हणालं, "मॅडम, हे मेलमध्ये लिहून टाका ना, म्हंजे सगळ्यांचं म्हणणं कळेल." मी हो म्हटलं आणि मेल लिहायला बसले. ‘असं ठरलं’ इथपर्यंत लिहिलं. पुसलं. परत तेच आलं. हाताला वळणच ते. शेवटी मेल पाठवलाच नाही.

शुक्रवारी संचालक येण्याआधी महेश सरांनी मला जिन्यात गाठलं.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. "पण एक ऐक. हे लोक तुला ओळखत न्हाईत. शंभर प्रश्न काढतील. आपण असं सांगू, की हे इरफाननंच जाता जाता ठरिवलंतं. त्याच्या बापानं यांचा माल घेतलाय इतकी वर्षं. त्याचं नाव घेतलं का कुणी तोंड उघडनार न्हाई."

खोटं सांगत नाही, भाई, मला ते फार बरं वाटलं. एका वाक्यात सगळं सुटत होतं. कुणी माझं आडनाव विचारणार नव्हतं. चुकलं तरी बोट तुमच्याकडे जाणार होतं आणि तुमच्याकडे बोट दाखवायची कुणाची हिंमत झाली नसती. हंगाम पार पडला असता, खुर्ची मिळाली असती. आणि मनात एक कडू विचारही आला, की तिला देऊ नका म्हणालात ना, मग तुमच्याच नावावर मिळवते. हसू नका. आला.

आत गेलो. संचालक तिघे होते. मी पडद्यावर दाखवलं, जागा कशी धरायची, कळवलं नाही तर कशी सुटते, दुसऱ्याने कसं कळवायचं. कौसाबाईची गोष्ट सांगितली. पलीकडच्या वस्तीची अडचणही सांगितली. ती सांगताना सरांनी डोळे मिटून घेतले. तिघांपैकी वयाने मोठे होते ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "इरफानभाई काय म्हनत होते ह्याच्यावर?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. सर तोंड उघडणार असं दिसलं, तसं मीच बोलले.

"त्यांचा विरोध होता. शेवटच्या दिवसापर्यंत ते नाही म्हणत होते. हे मी ठरवलंय."

सरांच्या हातात पेन होतं, त्याचं टोपण टक्कन बसलं. म्हातारे संचालक माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तेच विचारलं, जे विचारणार हे मला लहानपणापासून माहीत होतं.

"तुमी कुठल्या? आडनाव काय म्हणला?"

"पाटोद्याची," मी म्हटलं, आणि आडनाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, हळू न बोलता. त्यांनी बाकीच्या दोघांकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत असतं.

"अन् चुकलं तर?"

"तर मला फोन करा. नंबर देते."

त्यांनी नंबर घेतला. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पहिल्या आठवड्याच्या गाड्या अशा जाऊ द्या, मग बघू, एवढंच बोलून उठले. जाताना दुसऱ्या एकाने तुमच्या टेबलाकडे बघून हात जोडले.

सर बाहेर आल्यावर माझ्यावर चिडले. "एवढं खरं बोलायची काय गरज होती? आता चुकलं तर तू गेलीस." बरोबर आहे त्यांचं. चुकलं तर मी गेले, आणि पुण्याचा माणूस आला. कालपासून अनोळखी नंबरावरून फोन आला की मी दचकते. तुम्ही असतात तर आज समोर बसून माझी सालटी काढली असतीत, पलीकडच्या वस्तीवरच्या त्या बाईचं काय म्हणून.

पण शोकसभेत त्या दिवशी तुम्हाला सगळ्यांनी गोड करून टाकलं, आणि शुक्रवारी सर तुम्हाला माझ्या बाजूचं करून टाकणार होते. मेलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, म्हणून कुणीही त्याला हवं तिकडे उभं करतो. मला ते बघवलं नसतं. तुम्ही मला खुर्ची देऊ नका म्हणालात, तेही मी कुणाकडून गोड करून घेणार नाही. ते तुम्ही कावून म्हणालात हे मला कधीच कळणार नाही, तुमची चूक होती का नव्हती हेही नाही. तुमच्याइतकं तोंडावर नाही म्हणणारं मला आता कुणी उरलेलं नाही.

उद्या पहाटे डोंगरातून पहिली गाडी भरेल. मी सडकेला जाऊन उभी राहणार आहे. तुम्ही आहात तिथे माझ्या विरोधातच राहा, भाई.

सुजाता